टोला बाकी आहे

नांदेडहून वसमतला जाणाऱ्या एसटीत माझ्या मांडीवर उशीच्या खोळीत घातलेली एक जड, गोल वस्तू होती. कंडक्टरने ती बोटाने टोचून पाहिली.

"हे काय?"

"तास," मी म्हणालो.

"टाइम न्हाई विचारला. तास-सव्वातास लागतोच वसमतला. हे काय हाय?"

"तेच सांगतोय. तास आहे."

कंडक्टरने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि पुढे गेला. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली.

वाचकांनाही तसंच वाटायला नको म्हणून सांगतो. शाळेत दोरीने टांगून टोले देतात ती काशाची जाड थाळी, तिला तास म्हणतात. घड्याळातला तास तिच्यावरूनच आला असावा, असं मला आपलं वाटतं. आमचे बाबा गावच्या शाळेत शिपाई होते आणि हा तास त्यांनी उभा जन्म वाजवला. शाळेत विजेची घंटा आली त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले, आणि मुख्याध्यापकांनी निरोपाच्या वेळी शालीबरोबर तासही त्यांच्याच हातात दिला. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. माझ्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, पण भिंतीत एक खिळा रिकामा होता.

आता कबुलीजबाब. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवरून सभेत असा गोंधळ माजला की मला बाबांची आठवण झाली. मी वर जाऊन तास आणला आणि टोले द्यायला मोगरी (लाकडी ठोकणं) सापडेना म्हणून लोखंडी हातोडी घेतली. पहिल्या टोल्याला सगळे सभासद गप्प झाले. दुसऱ्या टोल्याला तासही गप्प झाला. मधोमध केसाएवढी चीर गेली होती.

मी तो माळ्यावर गोधड्यांच्या मागे लपवला. पंचावन्न वर्षांचा, चष्मा लागलेला, दोन मुलींचा बाप असलेला माणूस मोठ्या बहिणीला घाबरतो हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण ती बहीण तुम्ही पाहिलेली नाही. अक्का गुडघे दाखवायला नांदेडला आली, गोधडी शोधायला निघाली, आणि तास सापडला. मला वाटलं आता बरसेल. तिने बोटाच्या पेराने तासावर टकटक केलं, कान लावला आणि एवढंच म्हणाली, "बाबाचा घसा बसला की रे, बाळू."

त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

वसमतहून हट्ट्याकडे जाताना आत एका फाट्यावर मल्हारीकाका ओतारी राहतात आणि अजून जुन्या रीतीने घंटा ओततात, हे अक्कानेच शोधून काढलं. गुडघ्यांमुळे अंगणवाडीचं काम सोडल्यावर ती गावच्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवते. संध्याकाळी सहाला मुलं यायला हवीत, पण आईबाप शेतात, ओढ्यापलीकडची घरं लांब, बोलवायचं कसं? तिला तास विहारात टांगायचा होता. माझी इच्छा वेगळी होती. मला बाबांचा तास परत हवा होता, होता तसा, त्याच आवाजात. तो आवाज परत आला की माझी हातोडी कधी पडलीच नाही असं झालं असतं.

वसमतच्या स्टँडवर अक्का आधीच येऊन उभी होती. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावाला ओल्या मातीचा आणि हळदीचा मिळून एक कडवट, उबदार वास येत होता. फाट्यापर्यंत जायला एक टेम्पो मिळाला. अक्का ड्रायव्हरशेजारी बसली आणि मी मागे, हळदीच्या पोत्यांवर. उतरलो तेव्हा माझी पांढरी पँट मागून पिवळीधमक झाली होती.

अक्काने मला फिरवून पाहिलं. "पंचावन्नाव्या वर्षी हळद लागली तुला," ती म्हणाली. "माझ्या भावजयीला फोन करून कळव."

काकांचं घर रस्त्यापासून थोडं आत होतं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये जमिनीत खोदलेली भट्टी, बाजूला एक मोठा कडुनिंब आणि त्याच्या फांद्यांना दोऱ्या बांधलेल्या. काका सत्तरीच्या पुढचे, लहान चणीचे, भुवया जळून विरळ झालेल्या. त्यांची सून शोभा भट्टीत कोळसा रचत होती. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आलाय आणि तो चालू-बंद करण्याचा अधिकार तिचा. तिचा नवरा पुण्याला कंपनीत आहे. धंद्याची वारस कोण हे मी विचारायला जाणार, तेवढ्यात तिने एका हाताने मूस (धातू वितळवायचं मातीचं भांडं) उचलून भट्टीत बसवली, आणि मी प्रश्न गिळला.

साचे तयारच होते. आठ दिवसांपूर्वी काकांनी फोनवर माप मागितलं होतं, तेव्हा मी तास पाणीपट्टीच्या नोटिशीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद पाठवून दिला. आता काकांनी माती आणि शेण कालवून केलेले, उन्हात वाळवलेले साचे दाखवले. ते दोन होते.

"दोन काहून केले?" अक्काने विचारलं.

काकांनी खिशातून माझी नोटीस काढून उलगडली. "साहेबांनी गोल तर झकास काढला. पर जाडी किती ते कागदावर कसं कळावं? म्हून एक पातळ केला, एक जाड."

इंजिनियर न झाल्याबद्दल मला पहिल्यांदाच समाधान वाटलं. निदान पूल तरी वाचले.

खोळीतून तास काढून काकांनी मापला. पातळ साचा त्याच्याशी बरोबर जुळत होता. मी म्हणालो, मग प्रश्नच मिटला, हाच घ्या. काका म्हणाले, या साच्याला तुमचा धातू पुरेल. जाडाला कमी पडेल, त्यात दुसऱ्यांच्या मोडक्या घंटांचा धातू घालावा लागेल. पण पातळ तास लवकर बोलतो आणि लवकर गप होतो. जाड उशिरा बोलतो, पण लांब जातो.

"दुसऱ्यांचा धातू नको," मी म्हणालो. "बाबांचाच हवा. निव्वळ."

"मला ओढ्यापलीकडं जानारा पाहिजे," अक्का म्हणाली.

काकांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. वाटणीला आलेले भाऊबहीण त्यांनी पूर्वी पाहिले असावेत. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "बोल सांगा."

"म्हणजे?"

"जुना कसा बोलायचा ते तोंडानं म्हनून दाखवा. आमच्यात गिऱ्हाइकाकडून आधी बोल घेतात. मग धातू."

मी घसा साफ केला, छाती फुगवली आणि म्हणालो, "टण्ण!" शेडमध्ये झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

"काहीतरीच," अक्का म्हणाली. "टण्ण म्हनं. ताट पडलं का ते? ठंऽऽव. असा होता."

"अक्का, मी रोज त्याच्याखाली उभा असायचो. टण्ण होता."

"ठंऽऽव."

काकांनी डोळे मिटून दोघांकडून तीन-तीनदा बोल म्हणून घेतला. दोन पिकलेली माणसं भर सकाळी कडुनिंबाखाली टण्ण आणि ठंऽऽव करत उभी आहेत, हे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने गाडी हळू करून पाहिलं. शोभा तोंडाला पदर लावून भट्टीकडे वळली. शेवटी काका म्हणाले, भट्टी तापायला वेळ आहे, तोवर पोरीचं म्युझियम पाहून या.

म्युझियम म्हणजे पूर्वीचा गोठा. शोभाने तो सारवून, चुना देऊन, भिंतीला ओळीने खिळे ठोकून तयार केलाय. शंभरेक घंटा असतील. बैलांच्या घाटी (गळ्यातल्या घंटा), शेळ्यांच्या घुंगरांएवढ्या घंट्या, देवळाच्या, टांग्याच्या, एक गारीगारवाल्याची. मोडीत द्यायला आणलेल्या घंटांतून सासरे वितळवायच्या आधी ती एखादी मागून घेते. प्रत्येकीखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी. मला वाटलं साल आणि गाव असेल. तसं नव्हतं. ज्याने घंटा मोडीत दिली त्याने ती का दिली, एवढंच लिहिलेलं. 'बैल विकला.' 'ट्रॅक्टर घेतला.' 'म्हातारी गेली, शेळ्या कोण पाहील.' गारीगारवाल्याच्या घंटीखाली होतं, 'लेक म्हणते, बाबा आता लाज वाटते.' एका चिठ्ठीवर नुसतं 'असंच.'

"हे 'असंच' म्हणजे काय?" मी विचारलं.

"त्यानं तेवढंच सांगितलं, दादा. पर घंटा देऊन गेल्यावर फाट्यापसून परत आला, एकदा वाजवून पाहिली, अन् मग गेला."

मी पुढची चिठ्ठी वाचायचं सोडून दिलं.

अक्का गुडघ्यांमुळे आत आली नव्हती. अंगणापलीकडे बाजेवर बसली होती आणि काका तिच्याजवळ साच्याला शेवटचा हात फिरवत होते. शोभाने मला ऐकवायला गारीगारवाल्याची घंटी हलवली. टिण टिण टिण. मला तोंडात बर्फाची चव आली.

"गारीगार!" बाहेरून अक्का ओरडली. "किनिंग किनिंग करत यायचा बघ."

"टिण टिण!" मी आतून ओरडलो.

काकांचा हात साच्यावर थांबलेला मला दारातून दिसला. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, शाळेत तास व्हायचा तवा तुमी कुठं राहायचे?"

मी सांगितलं. बाबांना शाळा उघडायला लवकर जावं लागे. ते मला सायकलच्या नळीवर बसवून घेऊन जात. सगळ्यात आधी मी. रांगेत पहिला, तासाच्या बरोबर खाली.

"अन् ताई, तुमी?"

अक्काने गुडघा चोळला. मग म्हणाली, "मी ओढ्यात."

आई पहाटे मजुरीला जाई. भाकऱ्या टाकणं, पाणी भरणं, भांडी, सगळं नऊ वर्षांच्या अक्कावर. ते उरकून ती पळत निघे आणि ओढ्यापाशी असतानाच तास सुरू होई. हे मला माहीत होतं, म्हणजे घरात ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं.

"दहा टोले असायचे," ती काकांना सांगत होती, माझ्याकडे न बघता. "धावा, शेवटचा, पडला का हेडमास्तर फाटक लावायचे. मंग छडी. मी ओढ्यातून मोजत पळायची. नऊ व्हायचे, अन् धावा पडायचाच न्हाई. पडायचाच न्हाई. मी फाटकात पाय टाकला का पडायचा. हेडमास्तर म्हनायचे, काय रे, झोपला का? अन् बाबा म्हनायचा, टोला बाकी हाय, साहेब."

मी तो नववा आणि दहावा टोला रोज ऐकला होता. मधली ती जागाही रोज पाहिली होती. बाबा मोगरी खाली धरत, टोपी काढून कपाळ पुसत, ओढ्याकडे एकदा बघत. मला आपलं वाटायचं, बाबांचा हात दुखतो.

काका उठले. "दोघांचा बी बोल खरा हाय," ते म्हणाले. "तुमी जवळून ऐकला, ताईनं लांबून. आता सांगा, कोन्ता साचा घेऊ? नवा तास जवळच्यांसाठी हाय का लांबच्यांसाठी?"

निव्वळ बाबांचा तास माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या पातळ साच्यात तो बसलाही असता. पण विहाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलासाठी तास लागतोच कशाला? तो आलेलाच असतो.

"जाड घ्या," मी म्हणालो.

काका म्हणाले, आमच्यात जुनी वस्तू वितळवायची तर पहिला घाव धन्याने घालावा लागतो, मी घालत नाही, आणि त्यांनी घण माझ्यापुढे केला. मी म्हणालो, काका, पहिला घाव मी दोन वर्षांपूर्वीच घातलाय. अक्का हसली. त्या दिवशी माफी म्हणून मला जे काही मिळालं ते हेच. तिने घण उचलायला हात लावला, मी धरला, आणि दोघांनी मिळून तो सोडला. कासं फुटताना वाकत नाही. तास काचेसारखा तुटला. चार तुकडे. शोभाने दोरीच्या भोकाचा छोटा तुकडा सासऱ्यांकडून मागून घेतला आणि बाकीचे मुशीत गेले. मग काकांनी कोनाड्यातून मोडक्या घंटांची टोपली आणली आणि मूठभर, पुन्हा मूठभर, तुकडे आत टाकले. कुणाच्या बैलाची घाटी, कुणाच्या टांग्याची घंटा. मी विचारलं, "काका, आवाज तोच येईल?"

"आवाज परत येत न्हाई, साहेब. धातू येतो."

ओतताना कुणी बोलत नाही. वितळलेलं कासं दुधासारखं सरळ धारेने साच्याच्या तोंडात गेलं आणि एक हिरवी ज्योत वर येऊन विझली. संपलं. इतक्या थोड्या वेळात संपेल असं वाटलं नव्हतं.

साचा निवेपर्यंत शोभाने जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, जवसाची चटणी, आणि ठेचा, जो मी शहरी आत्मविश्वासाने घेतला आणि पुढची दहा मिनिटं पाण्याच्या घागरीजवळ काढली. शोभा चिठ्ठी घेऊन आली. त्या छोट्या तुकड्याखाली काय लिहू, तिने विचारलं. 'सेक्रेटरीने फोडला' असं लिही, अक्का म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, नको. लिही, 'घसा बसला.'

ऊन कलल्यावर काकांनी साचा फोडला. आतून काळा, खडबडीत गोल निघाला. त्यांनी कडा घासल्या, भोकं साफ केली, आणि तो कडुनिंबाला दोरीने टांगला. अक्का तेव्हा शेताच्या टोकाला बोअरवर हातपाय धुवायला गेली होती. काकांनी मोगरी माझ्या हातात दिली. "बाबा द्यायचे तसे दहा द्या. तपासायचं तर पुरं तपासावं."

मी पहिला टोला दिला. टण्ण नव्हता. ठंऽऽव नव्हता. तिसराच काहीतरी, भारदस्त, माझ्या ओळखीचा नसलेला. खरं सांगायचं तर बाबा गेले ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. तरी मोजत राहिलो. सात, आठ, नऊ.

नवव्या टोल्याला मान वर केली तर अक्का बांधावरून येत होती. एक हात गुडघ्यावर, एका हातात चपला.

मी मोगरी खाली घेतली.

"काहून थांबले?" काका म्हणाले. "हात दुखला का?"

"नाही," मी म्हणालो. "टोला बाकी आहे."

अक्का बांधावर थांबली. तासाचा आवाज अजून हवेत होता, तो विरेपर्यंत ती तशीच उभी होती. मग जिला माझ्या घराच्या तीन पायऱ्या चढायला आधार लागतो, ती साडीचा ओचा वर धरून, ढेकळांतून, लंगडत, भराभर येऊ लागली. कडुनिंबाच्या खोडाला तिने हात लावला, आणि मी दहावा टोला दिला.

तिला धाप लागली होती. तशीच म्हणाली, "पाटी घरीच राह्यली की रे."

तास घेऊन ती गावाकडच्या गाडीत बसली आणि मी नांदेडच्या. माझ्या मांडीवर रिकामी खोळ होती. सकाळचाच कंडक्टर परतीच्या फेरीवर होता. माझ्या पिवळ्या पँटकडे पाहून त्याने काही विचारलं नाही. खिडकीतून हळदीची शेतं मागे जात होती आणि मी तो नवा आवाज आठवून पाहत होतो. आठवत होती ती नऊ आणि दहाच्या मधली जागा. ती मात्र जशीच्या तशी होती.

परवा अक्काचा फोन आला. तास विहारात लागला. ओढ्यापलीकडं बराबर जातो. सगळी लेकरं वेळेवर येतात, एक पोरगी सोडून. ती भाकरी टाकून येते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? नऊ देते अन् बसते."

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. शाळेच्या साऱ्या वर्षांत मला एकदाही उशीर झाला नाही. सायकलच्या नळीवरून येणाऱ्याला कसा होणार? म्हणजे बाबा माझ्यासाठी एकदाही थांबले नाहीत. त्यांच्यावर तशी वेळच मी आणली नाही.

या रविवारी गावी जातोय. सहाच्या आधी पोचणारी गाडी आहे, पण ती मी सोडणार आहे. ओढ्याशी उतरून चालत जाईन. अक्काला कळवलेलं नाही.